आधी परतीची वाट, मग खोली: सांगली-मिरजेत वाहनाविना राहणाऱ्या मुलीसाठी घर शोधताना

लातूर जिल्ह्यातील एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांची २३ वर्षांची मुलगी १ जुलैपासून मिरजेतील एका खाजगी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होणार आहे. ड्युटी पाळ्यांची आहे, मुलीला दुचाकी चालवता येत नाही आणि या भागात ओळखीचे कोणी नाही. मोबाइलवरील जाहिरातीत सांगलीत नदीच्या बाजूला तळमजल्यावरची एक स्वस्त खोली दिसली असून, ती दाखवण्याआधीच समोरची व्यक्ती ५,००० रुपये टोकन मागते आहे. ही खोली घ्यावी का, आणि घेऊ नये तर दुसरी कशी शोधावी?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. ही खोली घेऊ नये आणि टोकनही पाठवू नये. खोली प्रत्यक्ष न दाखवता पैसे मागणारा माणूस खरा घरमालक असण्याची शक्यता फार थोडी असते. तो पुढे एखादा क्यूआर कोड पाठवील आणि "डिपॉझिट परत करण्यासाठी हा स्कॅन करा, पिन टाका" असेही सांगेल. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मुलीला आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जाहिरात अगदी खरी असली, तरी मिरजेत पाळीची नोकरी करणाऱ्या आणि वाहन नसलेल्या मुलीसाठी सांगलीतली नदीकाठची तळमजल्याची खोली सोयीची नाही. असे का, ते पुढे सविस्तर लिहिते.

मी बावीस वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. जागा संपल्या की उरलेल्या मुलींना बाहेर खोल्या पाहून देण्याचे कामही माझ्याकडे येई, आणि त्यात मी एक चूक केलेली आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एका मुलीला खोली पाहून दिली. घर चांगले, घरमालकीण मायाळू, भाडे परवडणारे होते. मी ते घर सकाळी अकरा वाजता पाहिले होते. मुलीचा क्लास सुटायचा रात्री आठला. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेत बंद गोदामाची एक लांब भिंत होती, तिथल्या खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद होता आणि सकाळच्या उन्हात मला तो खांब दिसलासुद्धा नव्हता. पंधरा दिवसांनी ती मुलगी रडत माझ्याकडे आली, कारण त्या भिंतीच्या कडेने रोज कोणीतरी तिच्या मागोमाग चालत येत होते. त्या दिवसापासून मी खोली पाहण्याचा क्रम उलटा केला. ज्या वेळी मुलगी परत येणार, त्याच वेळी थांब्यावर उतरून मी आधी वाट चालते आणि वाट पटली तरच दार वाजवते.

आपल्या मुलीच्या बाबतीत ही वेळ ठरवणे सोपे आहे. दुपारची पाळी आठला सुटते असे कागदावर लिहिलेले असले, तरी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देऊन, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवून, कपडे बदलून रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडायला साडेआठ-पावणेनऊ होतात. त्या वेळी ती कशाने आणि कुठून घरी येईल, या एका प्रश्नावर सगळी निवड अवलंबून आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ पासून एकाच महापालिकेत असली, तरी मधले अंतर मोडत नाही. सांगली एस.टी. स्टँडपासून मिरज आठ-दहा किलोमीटर आहे, आणि पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विजयनगर, भारती हॉस्पिटल असा सांगली-मिरज रस्ता हाच येथल्या बिनगाडीच्या माणसाचा कणा आहे. एस.टी.ची शहर बस आणि शेअर रिक्षा याच रस्त्याने धावतात. दिवसा फार वाट पाहावी लागत नाही. रात्री मात्र गाड्या विरळ होतात, आणि शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नसल्यामुळे मुलीला एकतर थांब्यावर ताटकळावे लागते किंवा एकटीला संपूर्ण रिक्षा करावी लागते. सांगलीतली खोली महिना हजार रुपयांनी स्वस्त असली, तरी अशा रिक्षांत ते पैसे निघून जातात, आणि थांब्यावर उभे राहण्याचा त्रास मोजता येत नाही तो वेगळाच.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, पहिले सहा महिने तरी मुलीने मिरजेत, रुग्णालयापासून पायी दहा-बारा मिनिटांच्या आत राहावे. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. वानलेस यांनी येथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि तेव्हापासून परिचारिका, विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक यांना जागा देण्याची या गावाला सवय आहे. रात्रीच्या ड्युटीवरून सकाळी घरी येऊन दिवसभर झोपणारी मुलगी पाहून इथल्या शेजाऱ्यांना काही वावगे वाटत नाही, आणि एकटीने राहणाऱ्या मुलीला या समजूतदारपणाची फार मदत होते. मिरजेत जागा मिळालीच नाही, तर विश्रामबाग किंवा विजयनगर पाहावे, परंतु घर सांगली-मिरज मुख्य रस्त्यापासून पाच मिनिटांच्या आत असावे. थांब्यावरून पुन्हा दुसरी रिक्षा करावी लागेल असे घर आतल्या वसाहतीत कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे.

वाट चालताना काय पाहावे, हे नेमकेपणाने सांगते. थांब्यापासून पावले मोजावीत आणि कुठे उजेड आहे, कुठे नाही, हे लक्षात ठेवावे. रस्त्यावरच्या दिव्यांइतकाच दुकानांचा उजेड महत्त्वाचा असतो, कारण दिवा असला तरी तिथे माणूस असतोच असे नाही. औषधांचे दुकान, दूध डेअरी, रात्री उशिरापर्यंत चालणारी मेस किंवा अंड्याची गाडी वाटेवर असेल तर तिथे माणसे असतात. त्या दुकानदाराशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी, काही ना काही विकत घ्यावे, म्हणजे मुलगी त्याच्या नजरेत बसते. रिकामे प्लॉट, लांब कंपाउंड भिंती, अर्धवट बांधकाम आणि मोकाट कुत्र्यांची ठरलेली जागा ही चार ठिकाणे मी नेहमी टिपून ठेवते. कुत्र्यांचे नाव घेतल्यावर पुष्कळांना ती किरकोळ बाब वाटते, परंतु रात्री पायी येणाऱ्या मुलींनी मला सर्वांत जास्त वेळा सांगितलेली अडचण तीच आहे. शेवटचे वळण ते घराचे दार हा तुकडा सर्वांत नीट पाहावा. दाराशी उभे राहून कुलपात किल्ली घालताना अंगावर उजेड पडतो का, आणि शेजारच्या एखाद्या तरी खिडकीतून ते दार दिसते का, हे तिथे स्वतः उभे राहूनच कळते.

आता पाण्याविषयी लिहिते, कारण मुलगी १ जुलैला येणार आहे आणि सांगलीला पुराची धास्ती जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर असते. बाहेरगावच्या माणसाला वाटते की पाऊस पडत असेल तरच पूर येईल. सांगलीत ऊन पडलेले असतानाही कृष्णेचे पाणी चढते, कारण ते येते महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरातल्या पावसाचे आणि धरणांतून सोडलेल्या विसर्गाचे. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावर हे पाणी फुटांत मोजले जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले, आणि २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्या पुढे होते. त्यामुळे सांगलीत घर पाहताना विचारायचा प्रश्न एकच आहे: "२०१९ ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" हा प्रश्न सगळ्यांच्या परिचयाचा आहे, कोणाला त्याचे वाईट वाटत नाही, आणि उत्तर गुडघा, कंबर, खिडकी, पहिला मजला अशा मापांत मिळते.

हा प्रश्न घरमालकाखेरीज आणखी दोघांना विचारावा. काही वर्षांपूर्वी एका मुलीसाठी खोली पाहायला गेले असता घरमालकिणीने "आमच्याकडे पाणी येत नाही" असे ठामपणे सांगितले. खोली स्वच्छ होती. मात्र भिंतींना खालून खांद्याएवढ्या उंचीपर्यंत ऑइलपेंट आणि वर साधा रंग होता, विजेचा मीटर छताजवळ बसवलेला होता, आणि लाकडी दाराच्या खालच्या भागावर नवा पत्रा ठोकलेला होता. बाहेर पडून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत विचारले, तेव्हा गिरणीवाल्या काकांनी काही न बोलता जात्याच्या वर भिंतीवर केलेली खडूची रेघ दाखवली. ती माझ्या छातीएवढी होती. त्या बाई खोटारड्या होत्या असे मी म्हणणार नाही. वर्षभर खोली रिकामी राहिल्यावर माणसाच्या तोंडून असे शब्द निघतात. परंतु मुलीची खोली त्या शब्दावर घेता येत नाही.

दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, जामवाडी आणि कर्नाळ रस्त्याच्या बाजूचा भाग येथे नदी वाढू लागताच आधी पाणी शिरते, आणि महापुरात ते गावभाग व बाजारपेठेपर्यंत पोचलेले आहे. मिरजेतही कृष्णा घाटाच्या बाजूला हाच प्रश्न आहे. शामरावनगरचे दुखणे वेगळे आहे, कारण तिथे सखल जमिनीमुळे नुसत्या पावसाचे पाणीही साचून राहते. "वरच्या मजल्यावर राहू" हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. खोली कोरडी राहिली तरी गल्लीत पाणी असेल तर वीज आणि नळ बंद होतात, खाली उतरता येत नाही, आणि ज्या दिवसांत रुग्णालयाला परिचारिकांची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत मुलगी घरात अडकून पडते.

घराच्या आतल्या गोष्टींपैकी तीन-चारच बोलते. दाराला आतून भक्कम कडी असावी, आणि बाहेरून लावायचे कुलूप मुलीने स्वतःचे, नवे आणावे. जुन्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे गेल्या आहेत हे घरमालकालाही माहीत नसते. स्नानगृह आणि संडास खोलीला जोडून असावेत. ते अंगणात किंवा जिन्याखाली असतील तर रात्री बाहेर यावे लागते, म्हणून तशी खोली मी घेऊ देत नाही. स्नानगृहात गॅसचा गिझर असेल तर तो आत बसवलेला आहे की बाहेर, आणि झरोका उघडा आहे की थंडीसाठी पुठ्ठा लावून बंद केला आहे, हे पाहावेच. बंद जागेत गॅस गिझर चालला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे आतल्या माणसाला शुद्ध जाईपर्यंत काही कळत नाही. गिझर आत असेल तर तो वापरणार नाही असे सांगून बादलीभर पाणी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवलेले परवडते.

फाटकाची वेळ हा भांडणाचा सर्वांत मोठा विषय आहे. "आमच्याकडे मुलींसाठी रात्री नऊला गेट बंद होतं" असे अनेक घरांत अभिमानाने सांगतात, आणि पालकांनाही ते ऐकून बरे वाटते. पाळीवर काम करणाऱ्या मुलीसाठी मात्र हेच फाटक धोक्याचे आहे, कारण एखाद्या रात्री ओव्हरला उशीर झाला की ती कुलूपबंद फाटकाबाहेर एकटी उभी राहते. फाटकाची एक किल्ली तिच्याकडे असलीच पाहिजे. आतून बाहेर पडण्यासाठीही ती हवी, कारण आग लागल्यास लोखंडी ग्रिलच्या मागे किल्ली शोधायला वेळ मिळत नाही. तिच्या पाळ्यांच्या वेळा पहिल्या भेटीतच सांगाव्यात, आणि ते ऐकून घरमालकाच्या कपाळाला आठी पडली तर तिथून नमस्कार करून निघावे.

काही घरांत आधी आडनाव विचारले जाते आणि त्यावरून खोली नाकारली जाते. हे चूक आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. तरीही तशा घरात हट्टाने जागा मिळवून मुलीला ठेवू नये, कारण जिथे तिचे असणे मान्य नाही तिथे अडचणीच्या रात्री तिच्यासाठी दार उघडणार नाही. मिरजेत रुग्णालयांच्या आसपास सर्व गावांच्या, सर्व समाजांच्या मुली राहतात. असा प्रश्न न विचारणारी घरे तिथे पुष्कळ आहेत.

ती घरे सापडतात कशी, हे विचाराल तर जाहिरातींपेक्षा माणसांकडून. रुजू होण्याआधी रुग्णालयाच्या मेट्रनबाईंना फोन करून परिचारिकांसाठी निवासस्थान किंवा कॉट आहे का, हे विचारावे. असल्यास पहिले दोन महिने तिथेच राहणे सर्वांत उत्तम. नसल्यास पहिला आठवडा रुग्णालयाजवळच्या, रुग्णांच्या नातेवाइकांची वर्दळ असलेल्या एखाद्या चांगल्या लॉजमध्ये आई किंवा आपण सोबत राहून काढावा, आणि त्या आठवड्यात वॉर्डातल्या सीनियर सिस्टर आणि मदतनीस मावशींकडे चौकशी करावी. मावशींचे मत मी सर्वांत वर धरते. त्या याच गावच्या असतात, पायीच येतात, रात्रीही येतात, आणि कोणत्या बोळातून जावे व कोणता टाळावा हे त्यांना अनुभवाने माहीत असते. आधीच खोली घेतलेल्या एखाद्या सिस्टरला जोडीदारीण हवी असेल तर त्याहून चांगले काही नाही. वाट, घरमालक आणि पाणी या तिन्हींची परीक्षा तिने आधीच घेतलेली असते.

खोली पक्की झाल्यावर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करावा. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" हे वाक्य आपणास नक्की ऐकायला मिळेल आणि ते बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे मानीव (म्हणजे हिशेबासाठी धरलेले) व्याज यांच्या पाव टक्का, आणि नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि बोटाच्या ठशावर, आणि हे काम घरी येऊन करून देणारे लोक दोन्ही गावांत आहेत. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवली की बहुतेक घरमालक राजी होतात.

छापील मसुद्यात नसलेली चार वाक्ये मी प्रत्येक करारात घालायला लावते. फाटकाची किल्ली भाडेकरूकडे राहील. घरमालक आधी कळवून आणि मुलगी घरात असतानाच खोलीत येतील. रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या मुलीसाठी हे फार आवश्यक आहे. पुरामुळे खोली वापरता आली नाही तर तितक्या दिवसांचे भाडे आकारले जाणार नाही. आणि डिपॉझिट खोली सोडल्यापासून अमुक दिवसांत परत मिळेल, तो दिवसांचा आकडा लिहूनच. डिपॉझिट आणि भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे; रोख दिले तर पावती घ्यावी. खोलीत सामान ठेवण्याआधी भिंती, नळ, पंखा आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून ते घरमालकांच्याच मोबाइलवर पाठवून ठेवावेत, म्हणजे खोली सोडताना वाद उरत नाही. भाडेकरूची माहिती घरमालक पोलीस ठाण्यात देतील. मुलीच्या आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर "केवळ भाडेकराराकरिता" असे लिहून तारीख आणि सही करावी.

मुलीच्या मोबाइलमध्ये ११२ हा क्रमांक, घरमालकीणबाईंचा, वॉर्डाचा आणि ओळखीच्या एका रिक्षावाल्या काकांचा असे चार क्रमांक वर ठेवावेत. ठरलेले रिक्षावाले काका ही सोय वाहन नसलेल्या माणसासाठी मोठी आहे. दिवसा दोन-चारदा ज्यांच्या रिक्षातून प्रवास झाला आणि ज्यांचे बोलणे-वागणे पटले, अशांचाच क्रमांक घ्यावा, आणि पावसाच्या रात्री पायी येणे नको असेल तेव्हा त्यांना बोलवावे.

आपण मुलीला घेऊन याल तेव्हा लातूरहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे रेल्वेने थेट मिरजेला उतरता येईल. येताना दोघांच्या आधारच्या झेरॉक्स, मुलीचे पासपोर्ट आकाराचे चार फोटो, नेमणूकपत्राची प्रत, एक बॅटरी आणि नवे कुलूप सोबत असू द्यावे. खोल्या दिवसा हव्या तेवढ्या पाहाव्यात, परंतु परतीची गाडी त्याच दिवशीची काढू नये, म्हणजे रात्री पावणेनऊला रुग्णालयाच्या दारापासून निवडलेल्या घरापर्यंतची वाट मुलीबरोबर एकदा चालून पाहता येईल.